अतिरिक्त कोंबड्यांचं समायोजन

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या घरात कोंबड्या कमी करायच्या ठरल्या, की आधी संचमान्यता होते. आमच्याकडे झाली. मंजूर पदं 4, कार्यरत कोंबड्या 14, शिवाय एक कोंबडा. अतिरिक्त 11. त्यांचं समायोजन पोळ्याच्या आत व्हावं, असा ठराव बायकोनं मांडला आणि तिनंच एकमतानं मंजूर केला.

कारणं कुणालाही पटण्यासारखी होती. तिची बदली उमरेड तालुक्यात झालेली, माझं ऑफिस उठून मिहानला गेलेलं, आणि जिच्या हट्टापायी हे सगळं सुरू झालं ती लेक पुण्याला शिकायला गेलेली. केळीबाग रस्त्यावरच्या गर्दीतून सकाळी बाहेर पडायचं म्हणजे घर लवकर सोडावं लागतं. कोंबड्यांना मात्र कुठेच जायचं नसतं. त्यांचं सगळं सावकाश.

हा संसार 2020चा. टाळेबंदीच्या आधी, कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो ही अफवा व्हॉट्सॲपवर अशी काही फिरली की चिकनचे भाव कोसळले आणि पोल्ट्रीवाले रडकुंडीला आले. त्याच गडबडीत ओळखीच्या एकानं वनराज जातीच्या पिल्लांचं खोकं दारात आणून ठेवलं. वनराज ही हैदराबादच्या संशोधन संस्थेनं परसातल्या पालनासाठीच तयार केलेली जात. आणि आमच्याकडे परस होता. नागपूरच्या महालात आता परस असलेलं घर शोधावं लागतं. बहुतेकांच्या परसावर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. आमच्या वाड्याचे हिस्सेदार इतके, की बिल्डरही सह्या मोजून परत गेला. म्हणून विहीर राहिली, तुळस राहिली आणि कोंबड्यांची सोय झाली.

परसातल्या कोंबडीला वेळ लागत नाही, असं सांगणाऱ्यानं कोंबडी फक्त ताटात पाहिलेली असते. पाणी बदला, खुराडं झाडा, भुसा उलथा, रानीखेतची लस चुकवू नका, संध्याकाळी डोकी मोजा आणि एक कमी भरलं तर टॉर्च घेऊन शेजाऱ्याच्या माडीवर जा. त्यात आमचा उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमानच मुळी 41 अंशांच्या आसपास, आणि मे महिन्यात नागपूर त्याच्या वर. चोच उघडी टाकून, पंख फाकवून सगळ्या जणी धापा टाकायला लागल्या की बघवत नाही. मग खुराड्यापुढे कूलर आला. त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या; जुन्या, कुबट वास येणाऱ्या, आमच्या खोलीतल्या कूलरला.

शेजार सांभाळणं हे वेगळंच खातं. कोंबड्याचं नाव कोतवाल, कारण तो रात्री साडेतीनला गस्त घाली. पलीकडचे काकाजी दर श्रावणात सांगून जायचे, ‘‘यंदा तुमच्या कोंबड्याचा बडग्या काढतो बरं का!’’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून मारबती निघतात आणि त्यांच्यासोबत गावाला छळणाऱ्या मंडळींचे बडगे, म्हणजे पुतळे. भ्रष्टाचार, महागाई यांच्या रांगेत आमचा कोतवाल उभा राहणं त्याच्या दृष्टीनं मानाचं असलं, तरी आम्हाला वाड्यात राहायचं होतं. म्हणून आम्ही आवाजाचा कर भरायचो: दर आठवड्याला, झाकलेल्या डब्यातून, 4 अंडी. काकाजींच्या घरी सात पिढ्यांत कुणी अंड्याला शिवलेलं नाही. काकू ती नातवासाठी नेत. नातू बंगळूरला असतो. कोंबड्या श्रावण पाळत नाहीत, त्यामुळे करवसुली बारमाही चाले.

तर, कोणाला ठेवायचं? पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका परिचित डॉक्टरांनी सोपी परीक्षा सांगितली. कोंबडी उलटी धरायची आणि शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये बोटं ठेवून बघायची. तीन बोटं मावली तर अंड्यावर आहे. जेमतेम एक मावलं तर बंद. बायकोनं रात्री तपासणी लावली. मी टॉर्च धरायचा, ती बोटं लावून ‘‘दोन... दीड... हिचं काही नाही’’ असं पुकारायची आणि मी वहीत लिहायचं. निकाल अवघड लागला. तीन बोटंवाल्या सगळ्या भांडकुदळ. एक बोटवाल्या म्हणजे मांडीवर येऊन बसणाऱ्या, पहिल्या खोक्यातल्या, लेकीनं नावं ठेवलेल्या.

व्हिडिओ कॉलवर लेकीनं हरकत नोंदवली. सेवाज्येष्ठतेनं जा, म्हणाली, शेवटी आलेली आधी जाईल. आई, तुझ्या बदलीच्या वेळी तू हेच ओरडत होतीस ना? बायको गप्प झाली. हे घरात क्वचित घडतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

त्यात मुख्याध्यापिका नावाच्या कोंबडीचा प्रश्न. थोरलीफ श्येल्डरुप-एबे नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थानं पोरवयापासून कोंबड्यांकडे टक लावून, कोण कोणाला टोचतं याची उतरंड मांडली आणि 1922 साली ती छापून आणली. पहिली सगळ्यांना टोचते, शेवटचीला सगळ्या टोचतात. आमच्या उतरंडीच्या शेंड्यावर ही मुख्याध्यापिका. अंडं कधीच बंद, एका डोळ्यानं अधू, पण नुसती मान वळवली की दाण्याभोवतीची झोंबाझोंबी थांबायची. शेंडा काढला की खालच्या पुन्हा सगळं पहिल्यापासून ठरवत बसतात, रक्त निघेपर्यंत. शेवटी प्रशासकीय निकडीच्या नावाखाली तिला मुदतवाढ मिळाली. उरलेल्या तीन जागा तीन बोटंवालींना.

आता घेणारा शोधायचा. ऑफिसात सांगितलं मात्र, माणसांची रीघ लागली. पोळा तोंडावर, श्रावण संपत आलेला, आणि पोळ्याच्या करीला चूल तिखट झाल्याशिवाय आमच्याकडे दिवस उगवत नाही.

‘‘दे ना बे दोन. पाळतो मी.’’

‘‘कुठं पाळशील? तिसऱ्या माळ्यावर राहतोस.’’

‘‘करीपर्यंत तर पाळतो ना!’’

मी काही माळकरी नाही. सावजी रस्सा खाऊन कान गरम झाल्याशिवाय मला आठवडा पुरा झाल्यासारखा वाटत नाही. पण तो अनोळखी कोंबडीचा. जिच्यासमोर स्वतः वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या, तिच्या तंगडीवर लिंबू पिळणं जमत नाही, एवढंच. या युक्तिवादात तर्क नाही, हे मला ऑफिसातल्या तिघांनी समजावून दिलं.

अखेर कळमेश्वरकडचा मावसभाऊ तयार झाला. संत्र्याची बाग आहे, बागेत किडे आहेत, आणि घरात मावशी माळकरी आहे. आम्हाला तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. कोंबडीला अंधारात दिसत नाही, म्हणून रात्री उचलायच्या. दांडीवरून एकेकीला काढायचं, दोन्ही पंख तळव्यानं अंगाशी दाबायचे, पाय बोटांत अडकवायचे. ती घशात एकदा ‘कुर्र’ करते आणि मग बगलेत चोच खुपसून मुकाट होते. कोतवाल मुकाट झाला नाही. अख्ख्या गल्लीला कळलं. पहाटे संत्र्याचे कॅरेट लादून बडकस चौकात थांबलो, तर चहाच्या टपरीवरून विचारणा झालीच, ‘‘भाऊ, कितीले देता?’’

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन. ‘‘दादा, तुमच्या कोंबड्यांना ट्रॅक्टरचं भेवच नाही. हॉर्न मारला तरी मधातून हटत नाही. अस्सल महालच्या हाय.’’ कोतवालाचं मात्र छान चाललंय, म्हणाला; बागेत साडेतीनला उठून तक्रार करणारं कोणी नाही.

इकडे ऑक्टोबर लागला. दिवस लहान झाले. चौदाएक तास उजेड मिळाला नाही की कोंबडी अंड्याचा हात आखडते, आणि याच सुमाराला पिसंही गाळते. आमच्या तिन्ही गुणवंत एकदम रजेवर गेल्या. कर थकला. कोतवाल गेला तरी अंडं न घालता नुसता कलकलाट करणाऱ्या तिघी होत्याच, आणि काकाजी पुन्हा भिंतीशी येऊन खाकरू लागले.

तेव्हापासून आम्ही मार्टातून तपकिरी अंडी आणतो. टरफलाचा रंग जातीवर ठरतो, त्याचा पौष्टिकपणाशी काही संबंध नाही. पण शेजारधर्माशी आहे. अंड्यांवर कंपनीचा शिक्का असतो. तो बायको ओल्या फडक्यानं पुसते, एखाद्या अंड्याला पीस चिकटवते आणि डबा भिंतीवरून देते.

परवा काकूंनी रिकामा डबा परत केला. ‘‘नातू म्हणत होता, कोंबड्या कमी केल्या तर अंडी अजून चवदार लागून राहिलीत. बाजारच्या अंड्यांना ही चव नाही हो.’’ आणि आत वळता वळता, हळूच, ‘‘पुढल्या खेपेला सहा द्याल का?’’