डीमध्ये टाकलंय, काळजी नको

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीत काय नि परभणीत काय, डीटीपीच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "डीमध्ये टाकलंय, काळजी नको." मुलीचे वडील लग्नपत्रिकेच्या प्रूफसाठी ताटकळलेले, लाईट नुकतीच जाऊन आलेली, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. तरी दुकानदार निर्धास्त. उडाली असेल तर सी ड्राइव्हमधली विंडोज. ती पुन्हा मारता येते. पत्रिका डी ड्राइव्हमध्ये आहे.

हा भरवसा अगदीच पोकळ नाही. विंडोज आणि कामाच्या फाइली डिस्कच्या वेगवेगळ्या भागांत, म्हणजे पार्टिशनमध्ये असल्या, तर एक फॉरमॅट करताना दुसरं शाबूत राहतं. (ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली. फ्लॉपी केव्हाच गेली, तरी पंगतीतले पहिले दोन पाट अजून रिकामेच!)

गोम आहे ती या पार्टिशनांच्याही आधी. 1983 पासून चालत आलेल्या एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) पद्धतीत संगणक सुरू होताना डिस्कचे पहिले 512 बाइट वाचतो. त्यात 446 बाइट कोडसाठी, 64 बाइटांत चार पार्टिशनांची नोंद आणि 2 बाइटांचा शिक्का. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत मराठीच्या एकेका अक्षराला, काना-मात्रेला 3 बाइट लागतात. त्या 446 बाइटांत पत्रिका लिहायला 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून सुरुवात केली, तर मामा-काकांची नावं येण्याआधीच जागा संपेल! आणि पार्टिशनांच्या या नोंदीची प्रत एकच. ती पुसली गेली, की फाइली जागच्या जागी असून डिस्क कोरी दिसते.

त्यापेक्षा नवी जीपीटी पद्धत शहाणी. तिथे नोंद डिस्कच्या सुरुवातीलाही असते आणि शेवटीही, चूक ओळखायला पडताळणीचा आकडा असतो, दोन टेराबाइटांची जुनी अट नाही. संगणक यूईएफआयचा (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या प्रणालीचा) असेल, तर नवी डिस्क जीपीटीच करावी. मात्र तिथे सुरुवातीचा कोड एका छोट्या फॅट32 पार्टिशनमध्ये राहतो. विंडोज त्याला बहुधा 100 एमबी देते, अक्षर देत नाही. बिनअक्षराचा म्हणून बिचाऱ्याला किंमत नाही. कुणीतरी हौशी पाहुणा विचारतोच, "हे कामून रिकामं पडलंय?" आणि पुसून टाकतो. पुढच्या वेळी संगणक सुरूच होत नाही. त्या पार्टिशनला हात लावू नये. लिनक्सही घालायचं असेल, तर त्या छोट्या पार्टिशनला आधीच 500 एमबी द्यावेत.

एवढं करूनही सी आणि डी बहुधा एकाच डिस्कवर असतात. व्होल्टेज वाढून डिस्क जळाली, की दोन्ही एकदम जातात. तेव्हा पत्रिकेची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि काम झालं की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा.