उंटिणीचं दूध आणि शेअर रिक्षा

डोंबिवलीत फडके रोडवर मिसळ, जिलेबी झाली की मधुमेह आठवतो आणि पाठोपाठ उंटिणीचं दूध. अमूलने २०१९ मध्ये कच्छच्या उंटिणींचं दूध बाजारात आणलं: अर्धा लिटर, ५० रुपये. गाईच्या दुधाहून 'क' जीवनसत्त्व जास्त, अ‍ॅलर्जी करणारं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नाही, हे खरंच. दुग्धशर्करा मात्र त्यातही असते आणि रक्तातली साखर उतरवण्याचा दावा छोट्या अभ्यासांवरच उभा आहे. कच्छचे खाराई उंट चरायला खाडी पोहून तिवरांत जातात. आपण त्यांचं दूध पिऊन, दहा मिनिटांची वाट चालायला नको म्हणून वीस मिनिटं शेअर रिक्षाच्या रांगेत उभे! उंटिणीचं दूध सोडा, चाल घ्या. पण ती फुकट. मग गुण कसा येणार?