पहिल्या रकान्याचा मान

1999 साली चैत्री पौर्णिमा नेमकी 31 मार्चला आली. मार्चअखेर आणि जोतिबाची यात्रा एकाच दिवशी! वायटूकेच्या कामावर पुण्यात असेंब्लर लिहिणारा मी, काखेत कडेला भोकं असलेल्या कागदाचा भलामोठा गठ्ठा मारून एसटीनं जोतिबाच्या वाडी रत्नागिरीला पोचलो.

गठ्ठा एवढा का झाला, हे सांगताना अजून कान तापतात.

आमचा एक मेनफ्रेम प्रोग्राम चाचणीत 'सॉक-सेव्हन' देऊन आपटत होता. म्हणजे आकड्याच्या जागी आकडा नसलेलं काहीतरी बसलंय. कुठल्या नोंदीत, ते शोधायचं होतं. सीनिअर म्हणाले, "स्नॅप वापर की. मेमरीचा तुकडा सांगायचा. पत्ता, हेक्स, उजवीकडे अक्षरं, सगळ्या ओळी सिस्टीमच मांडून देते."

आयतं खाईन तर मी कसला असेंब्लरवाला! चार बाइटांची आठ हेक्स अक्षरं करायला 'अनपॅक' आणि 'ट्रान्सलेट' स्वतः लिहिले, ओळी स्वतः आखल्या. ओळीच्या सुरुवातीला खातेक्रमांक. फाइल मात्र स्नॅपच्याच नमुन्याची घेतली: व्हीबीए, लांबी 125. त्यातला 'ए' कशाला असतो, हे विचारायचा कमीपणा कोण घेणार?

देवळाच्या आवारात गठ्ठा उलगडला. प्रत्येक पानावर एक ओळ. बाकी पान कोरं. बाहेर गुलालाचा धुरळा, हलगी, 'चांगभलं'चा गजर, आणि मी पायरीवर बसून एकेका ओळीला एकेक पान उलटतोय. शेवटी वाईट नोंद सापडली. धावत एसटीडी बूथ गाठला. पुण्याच्या ऑफिसातल्या पोरानं तासभर शोधलं.

"सर, असं खातंच नाही."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. 'ए' असला की ओळीतलं पहिलं अक्षर छापायचं नसतं, तो प्रिंटरला हुकूम असतो. रिकामी जागा म्हणजे पुढची ओळ, 0 म्हणजे एक ओळ सोडून, 1 म्हणजे नवं पान. आमची चाचणीची सगळी खाती 1 नं सुरू! म्हणजे यात्रेत पहिला मान असलेल्या पाडळीच्या सासनकाठीसारखं प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान मिळालं, आणि त्या मानापायी बिचाऱ्याचा पहिला आकडाच गेला.

मुकाट्यानं पोराला स्नॅप सांगितला. ब्लॉकची लांबी 882 नाहीतर 1632, दुसरं काही चालत नाही, हेही ऐटीत सांगितलं. पंधरा मिनिटांनी फोन: रजिस्टर पंधरामध्ये 4 आलाय, ओळ एकही नाही. फाइल उघडायला सांगायचंच मी विसरलो होतो. नंतर मात्र दोन पानांत मामला आटोपला. चोर नोंदीत आकड्यांच्या जागी नुसते 40-40-40. मेनफ्रेमच्या भाषेत कोऱ्या जागा.

परत आलो तर गठ्ठा अर्धा झालेला. पायरीजवळची विक्रेती मावशी एकेक पान फाडून खोबरं नि दवणा बांधून देत होती. सगळ्यांचे हात गुलालानं माखलेले.

"लई झ्याक कागूद हाय रं," ती म्हणाली, "एकाच कडंला काळं, बाकी समदं कोरं. फुडल्या यात्रंला बी असाच घेऊन ये."