‘पान कुठंय?’

“बाई, ऐकलं का आज? बातम्या देता देता गडी मुका झाला!”

सकाळचे सव्वासात. आमच्या आणि आक्कांच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर आक्कांचा ट्रान्झिस्टर असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, सेलचं झाकण हरवलं म्हणून दोन रबरबँड लावलेला. एरियलला बांधलेली तार थेट कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत गेलेली. दोरीवर ओला टॉवेल पडला की पुण्याचा आवाज बसतो, असं आक्कांचं शास्त्र सांगतं. मी अजून ते खोडून काढू शकलेले नाही.

“मुका झाला म्हणजे?”

“म्हंजी म्हनला, ‘धरणाच्या पाणलोट क्षेत्रात...’ आनि गप. लई वेळ गप. मंग कागदाची खुडबुड. मंग लांबनं कुनीतरी म्हनलं, ‘पान कुठंय?’ सगळ्या जगानं ऐकलं!”

“मग?”

“मंग काय, ‘क्षमस्व’ म्हनला आनि एकदम क्रिकेट. धरनाचं पानी तिकडंच ऱ्हायलं.”

केंद्र कुठलं ते मी लिहिणार नाही. आक्कांनी तीनदा सांगितलं, पण लिहिणार नाही. सकाळी सात वाजता ताठ बसून सरकारी आवाजात बोलणं किती कठीण, ते मला ठाऊक आहे. माझी मावसबहीण एका केंद्रावर हंगामी निवेदिका होती. तिनं सांगितलेलं आक्कांना सांगितलं, “आक्का, बातम्यांची पानं टाचलेली नसतात. सुटी असतात, एकाच बाजूला मजकूर. पान उलटलं तर माइकला सळसळ ऐकू जाते, म्हणून वाचून झालं की अलगद बाजूला सरकवायचं. आता सुटं पान म्हटलं की ते कधीतरी पंख्याच्या वाऱ्यानं टेबलाखाली जाणारच.”

“आनि खोकला आला तर?”

“त्याला बटण असतं. दाबून ठेवायचं, खोकायचं, सोडायचं. आपल्याला नुसता श्वास घेतल्यासारखं वाटतं.”

आक्का गंभीर झाल्या. असलं बटण आपल्या घरच्यांना बसवता येईल का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. कारण आत तात्यांचं सकाळचं खाकरणं चालू होतं, आणि ते नीरेपलीकडे सारोळ्यापर्यंत जात असावं.

आमच्या शिरवळची गंमत अशी की नदी ओलांडली की पुणे जिल्हा, आणि आपण मात्र साताऱ्याचे. रेडिओच्या बाबतीतही आमचं असंच. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 चं, सांगली 6 ऑक्टोबर 1963 चं. मीडियम वेव्हवर पुणे 792 ला, सांगली 1251 ला. काटा बोटभर इकडे की विद्येचं माहेरघर, बोटभर तिकडे की हळदीचा बाजार. पुढे साताऱ्याचं एफएमही आलं. पण सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या पुण्याच्याच, आणि बाकीची केंद्रं त्या तिथून घेतात. रेडिओवाले त्याला सहक्षेपण म्हणतात.

निम्मे घोळ होतात ते या सहक्षेपणात. पाण्याचं दारं मोडायला जरा उशीर झाला की पाणी भलत्याच वाफ्यात जातं, तसं इथे होतं. इकडच्या निवेदकानं बटण वेळेवर सरकवलं नाही, तर अभंगाचा शेवट आणि मुख्यमंत्र्यांची घोषणा एकमेकांत मिसळतात. लवकर सरकवलं, तर आधीच्या जाहिरातीतल्या बाई वाक्य अर्धं टाकून निघून जातात. आणि लाइनच तुटली तर खरखर, मग एक सनई, आणि मग तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आवाज की प्रसारणात आलेल्या व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्या घरी याच वाक्याची एक सोय होती. वीज गेली, सेल संपले की केंद्र बंद पडलं, हे कळायला मार्ग नसे. दिलगिरी ऐकू आली की जीव भांड्यात पडायचा. म्हणजे आपलं काही बिघडलेलं नाही, तिकडंच बिघडलंय.

तोवर तात्या दात घासत बाहेर आले. तात्या एसटीत कंडक्टर होते. रेडिओच्या वेळा त्यांना वेळापत्रकासारख्या पाठ.

“आमच्या वेळी चुका होत नव्हत्या,” तात्या म्हणाले. हे वाक्य ते कशालाही लावतात. “सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या. ‘इयम् आकाशवाणी’ म्हटलं की मी घड्याळ लावायचो. ते बलदेवानंद सागर! काय आवाज!”

“तुम्हाला संस्कृत कळत होतं का?”

“एक अक्षर नाही. पण चूक केलेली कधी ऐकली नाही.”

यावर आक्का म्हणाल्या ते मला थोर वाटलं. “आवं, संस्कृतात चुकलं तर कळनार कुनाला? सगळ्यात सुखाची नोकरी!” ही सुखाची नोकरी 30 जून 1974 ला सुरू झाली आणि अजून चालू आहे.

मग आवाजांचा विषय निघाला, आणि तो निघाला की आमच्या भिंतीवर तासभर तरी मोडतो. दिल्लीहून साडेआठला मराठी बातम्या लागायच्या. दत्ता कुलकर्णी, नंदकुमार कारखानीस, मृदुला घोडके. माणूस कधी पाहिलेला नाही, पण नाव सांगायच्या आधी आवाजावरून ओळखायची पैज लागायची. पुण्याहून सुधा नरवणे.

“त्यांचा पोरगा लष्करप्रमुख झाला न्हवं?” आक्का पुढे सरकल्या.

“झाला. 31 डिसेंबर 2019 ला. जनरल मनोज नरवणे.”

“बघा. आई सकाळी रोज वेळेवर उठून ठाम आवाजात सांगनार, मंग पोरगं परेडला उभं ऱ्हानारच. आमचा अजून हातरुनात हाय.” हे शेवटचं वाक्य थोडं मोठ्यानं, खिडकीच्या दिशेनं.

तात्यांनी चूळ भरली आणि आपलं हुकमी पान टाकलं. “चूक म्हणजे काय ते 1979 ला बघितलं. पान हरवणं ही काय चूक आहे?”

गोष्ट 22 मार्च 1979 ची. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची बातमी दिली. सभागृहाचं काम थांबलं. आकाशवाणीनं बातमी देऊन नेहमीचे कार्यक्रम बंद केले, देशभर शाळा सुटल्या, दुकानं मिटली. आणि जेपी जिवंत होते.

“मी गाडीवर होतो,” तात्या सांगायला लागले. “खंबाटकी उतरून आलो तर शिरवळ स्टँडवर हॉटेलवाल्यानं फळ्या लावलेल्या. म्हटलं चहा? तर म्हणतो, आज कसला चहा, जेपी गेले. गाडीतली एक म्हातारी रडायला लागली. तिला जेपी कोण हे ठाऊक नव्हतं, पण रेडिओनं सांगितलं म्हणजे कुणीतरी मोठं गेलं एवढं तिला ठाऊक होतं. परतीच्या फेरीला कळलं, माणूस आहे. फळ्या परत निघालेल्या. हॉटेलवाला माझ्याकडं बघेना.”

“मंग रेडिओनं काय केलं?”

“काय करणार? सांगितलं, आहेत म्हणून.”

हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आक्का भिंतीवर रोज दोन-चार लोकांना मारतात, चौघांचे घटस्फोट लावतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे जागेवर असतात, कुणाचं काही अडत नाही. रेडिओनं तेच एकदा केलं तर शिरवळच्या हॉटेलाच्या फळ्या लागतात. एवढा विश्वास असल्यावर बिचाऱ्याला खोकायलासुद्धा बटण लागणार. जेपींना हा घोळ काही आठवड्यांनी सांगितला, तेव्हा ते नुसते हसले म्हणतात. ते गेले त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला.

“मेल्याच्या बातमीवर हसू आलेलं चालतं व्हय?” आक्कांनी विचारलं.

मग मला लंडनची गोष्ट सांगावीच लागली. बीबीसीवर सकाळचा ‘टुडे’ म्हणून मोठा भारदस्त बातम्यांचा कार्यक्रम आहे. 28 मार्च 2008 ला त्यात शार्लट ग्रीन बातम्या वाचत होत्या. एडिसनच्याही आधीचं, 1860 मधलं, माणसाच्या गाण्याचं एक ध्वनिमुद्रण नुकतंच ऐकू येण्याजोगं झालं होतं, ते वाजवलं. आवाज इतका चमत्कारिक की स्टुडिओतलं कुणीतरी त्यांच्या कानात पुटपुटलं, बाटलीत मधमाशी कोंडल्यासारखं वाटतंय. आणि पुढचीच बातमी होती ॲबी मान या ऑस्करविजेत्या पटकथालेखकाच्या निधनाची. बाईंना हसू फुटलं ते आवरेचना. मृत्यूची बातमी आणि वाचणारीचा श्वास हसून कोंडलेला.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की हळहळत होत्या, सांगता येत नाही. “पिठल्याच्या पंगतीला आमच्या धाकट्या जावेचं असंच झालं हुतं,” एवढंच म्हणाल्या. जावेचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.

त्याच बीबीसीनं 18 एप्रिल 1930 ला, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, आज बातमी नाही असं सांगून सरळ पियानो लावला होता. हे ऐकून तात्यांना मत्सर वाटला. असा एक दिवस त्यांना हवा आहे. आक्कांना मात्र ही कल्पनाच पटली नाही. बातमी नाही म्हणजे काय? कोपऱ्यापर्यंत चालत जायला काय झालं होतं?

“पुण्याच्या बातम्याच बंद होणार होत्या की,” तात्यांना आठवलं. जून 2023 मध्ये पुण्याचा वृत्तविभाग गुंडाळून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा निर्णय निघाला होता. ओरड झाली, राजकीय पक्ष उठले, आणि त्याला स्थगिती मिळाली.

“मला कसं न्हाई कळलं?” आक्का खरोखर दुखावल्या. शिरवळमध्ये त्यांना न कळलेली गोष्ट म्हणजे अपमानच. “रेडिओ तर रोज चालू असतोय.”

“मी पेपरात वाचलं. रेडिओवर ऐकल्याचं आठवत नाही.”

“म्हंजी सोताच्या घरचं भिंतीवर बोलत न्हाईत. शानी हायेत.” आक्कांनी ट्रान्झिस्टरचा आवाज कमी केला, तात्या आत गेल्याची खात्री केली आणि कोपरं भिंतीवर टेकली. “बरं बाई, त्ये ऱ्हाऊ द्या. त्या कंपनीवाल्या भाडेकरूनं काल रातीत सामान हलवलं, कुनाच्या टेंपोतनं ते कळलं का?”