कंबर दुखवून घ्यायची सोपी पद्धत (नवशिक्यांसाठी)

सायकल पायांनी चालते, असा वैजापुरात सर्वांचा ठाम समज आहे. तो मोडू नका. पुढचं सगळं त्याच्याच जोरावर आहे.

आधी सीट वर घ्या. पायडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा, असं दुकानदार सांगेल. त्याला चहा पाजा आणि सीट दोन बोटं आणखी चढवा. आता प्रत्येक फेरीला पाय पुरणार नाही, त्यामुळे कंबर आधी डावीकडे झुकेल, मग उजवीकडे. मागून येणाऱ्यांची करमणूक होईल ती वेगळीच.

मग पोट सैल सोडा. पायडल खाली दाबायचा मोठा जोर नितंबाच्या आणि मांडीच्या स्नायूंचा. पण या जोराला टेकायला घट्ट धड लागतं. पोटाचे खोलवरचे आणि पाठीचे स्नायू कंबर जागेवर धरतात, तेव्हा तो पायडलपर्यंत पोचतो. पोट सुटलं की निम्मी मेहनत स्वतःलाच हलवण्यात जाते, आणि सगळा भार कमरेच्या दोन बाजूंच्या स्नायूंवर पडतो. आपल्याला हवं आहे तेच.

हँडल धरायला खुब्यातून वाकू नका, पाठीला कुबड काढा. दिवसभर गल्ल्यावर बसत असाल तर उत्तमच. मणक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा, पाय वर उचलणारा स्नायू बसून बसून आखडलेला असतो. सीटवर तो आणखी आखडू द्या.

जागेचा प्रश्न राहिला. समृद्धी महामार्ग तालुक्यातूनच जातो, पण तिथे सायकलला बंदी. रोटेगाव स्टेशनचा रस्ता धरा, समोरून वारा असेल तेव्हाच निघा, आणि सगळ्यात जड गिअर टाका.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांबद्दल मात्र वाचू नका. 2015 मध्ये त्यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे 4,800 किलोमीटरची रॅम शर्यत आळीपाळीने सायकल चालवत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. असलं काही वाचलं की माणूस पाय सोडून धडाचा विचार करू लागतो, रोज पोटाचे व्यायामही करतो.

दुखणं कमरेतून पायात उतरलं, पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर मात्र चेष्टा पुरे. सायकल भिंतीला लावा आणि डॉक्टरांकडे जा.