चमचाभर दूध

आयुष्यात पहिल्यांदा मी डुक्कर खाल्लं ते वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, न्यू जर्सीत, उपासाच्या गुरुवारी. आणि तेही अस्वलाच्या आकाराचं.

लाल होतं. चघळायला बरं वाटलं म्हणून पाठोपाठ हिरवंही खाल्लं. समोर सोफ्यावर मांडी घालून बसलेली आठ वर्षांची नात शांतपणे बघत होती. दुसरं अस्वल माझ्या घशाखाली उतरलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, मागे काय लिहिलंय वाचलंस का? जिलेटिन. ते डुकराच्या कातडीपासून करतात. कधीकधी गाईच्या हाडांपासून."

म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीवर तोंड गोड करायला मी जे घेतलं, त्यात डुक्कर नसलं तर गाय होती. आमचं शुद्ध शाकाहारी घराणं, ज्याचा उल्लेख मी लग्न जमवताना, भाडेकरू ठेवताना आणि विमानात जेवणाची गाडी येताना न चुकता करते, ते दोन अस्वलांनी बुडवलं. दत्तगुरूंनी पोटात घातलं असेल. नातीने नाही घातलं. रात्री जेवताना तिने ते आईबाबांना सांगितलं, आणि मग व्हिडिओ कॉलवर पुण्यात ह्यांनाही.

नात व्हीगन आहे, म्हणजे जनावरांकडून येणारं काहीच नाही, दूधसुद्धा. लेक आणि जावई तिच्या आधी झाले. पण ते डॉक्टर आणि यूट्यूब यांच्या संगनमताने झाले, म्हणून त्यांचा धर्म जरा सैल आहे. माझ्यासाठी आणलेल्या श्रीखंडाची पातळी माझ्या खाण्याच्या मानाने फार लवकर उतरते, एवढंच मी म्हणेन. नात स्वतःच्या बुद्धीने झाली, त्यामुळे ती कट्टर. हा 'व्हीगन' शब्द माझ्याहून बाराच वर्षांनी मोठा. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी तो काढला. त्यांचा जागतिक दिवस येतो १ नोव्हेंबरला. म्हणजे ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या रात्री, पोरांनी दारोदार फिरून पिशवीभर चॉकलेटं जमवायची आणि सकाळी उठून त्यांचा निषेध करायचा.

"तिच्या हॅलोविनच्या खाऊचा प्रश्न माझ्यावर सोपवा," मी लेकीला म्हणाले. "मी हलवा करते. तीळ आणि साखर. यात कुठलं जनावर आलं?"

आता हलव्याचा विषय निघालाच आहे (मीच काढला), तर थोडं सांगते. थोडं म्हणजे कुणी थांबवेपर्यंत.

हलव्याला काटा यावा लागतो, पान्हा येतो तसा. पितळी परात, मंद शेगडी, मूठभर तीळ. एकतारी पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि पाचही बोटांनी तीळ फिरवत राहायचं. पाक जास्त पडला की तीळ एकमेकांना धरून बसतात, कमी पडला की नुसतेच भाजतात. मधूनमधून परातीला लागलेली साखर ओल्या फडक्याने पुसायची, परात कोरडी करायची, पुन्हा बसायचं. असं तीन दिवस, चार दिवस. पहिल्या दिवशी तीळ नुसता पांढरा होतो. दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठल्यासारखा दिसतो. आणि मग एखाद्या पहाटे, थंडी कोरडी असेल तर, एकेका तिळाला टोकं फुटायला लागतात. दमट हवेत फुटत नाहीत. माझी दादरची जाऊ चाळीस वर्षं हलवा करते आहे, आणि चाळीस वर्षं मी त्याला मनातल्या मनात साबुदाणा म्हणते आहे. माझ्या हलव्याला काटा येतो. आमच्या सोसायटीत संक्रांतीला बायका तो तळहातावर घेऊन आधी नुसता बघतात, आणि त्या बघत असतात तेवढा वेळ मी दुसरीकडे बघत असल्यासारखं दाखवते.

मला हे आत्याने शिकवलं. पहाटे चारला ती शेगडी पेटवायची. तिची बोटं शेकून शेकून अशी झाली होती की दुधाचं तापलेलं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवायची. आळीतल्या नव्या सुनांचे हलव्याचे दागिने तीच करायची: बोरमाळ, बिंदी, बांगड्या, कंबरपट्टा. हळदीकुंकवाला बायका जमल्या की वाडग्यातल्या हलव्याचं कौतुक व्हायचं, आणि आत्या मधल्या खोलीच्या दाराआड बसलेली असायची. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला होता. तिच्या हातचा हलवा सगळ्यांना चालायचा, ती चालायची नाही. मी पाच-सहा वर्षांची असेन. "आत्या, तुला नको का गं वाण?" मी विचारलं. "मला नको," ती म्हणाली, आणि हसली.

तर, काटा.

लेकीने मला मागच्या वर्षीचा शाळेतल्या पार्टीचा फोटो दाखवला. वर्गातली सगळी पोरं भुतं, चेटकिणी, वटवाघळं झालेली. प्रत्येकाच्या हातात क्रीमचा डोंगर असलेला कपकेक. आमची परी कडेला, हातात सफरचंद. हसत होती. ते हसणं मला ओळखीचं होतं.

मी भिंग पर्समध्ये टाकलं आणि नातीला घेऊन दुकानात गेले. तिथे चॉकलेट-गोळ्यांची अख्खी गल्ली होती. आम्ही दोघी एकेक पाकीट उलटं करून वाचत होतो, ती नुसत्या डोळ्यांनी आणि मी पंचांग बघावं तशी. पिवळ्या-नारिंगी-पांढऱ्या मक्याच्या दाण्यांसारख्या दिसणाऱ्या गोळ्या घेतल्या. मध होता, जिलेटिन होतं, आणि 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' होतं. "हे तरी चालेल," मी म्हणाले, "नुसती चकाकी आहे." नातीने मला समजावलं की ही चकाकी म्हणजे लाख. आपल्या झारखंडकडच्या जंगलांत पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे बसतात, त्यांच्या अंगातून पाझरणारी लाख. आपण तिच्या बांगड्या केल्या, दुर्योधनाने घर केलं, आणि इथल्या लोकांनी गोळ्यांना पॉलिश केलं. लाक्षागृहाची गोष्ट मी तिला तिथेच सांगितली. सगळी ऐकून ती म्हणाली, "म्हणजे पांडवांना पण लेबल वाचावं लागलं."

साखरसुद्धा सरळ नव्हती. इथे काही ठिकाणी उसाची साखर पांढरीशुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरतात, म्हणून लेक सेंद्रिय साखर आणते, रंगाने गव्हाळ. शेवटी निघाली ती स्मार्टीज नावाची, कागदात गुंडाळलेली, गोळ्यांची चळत. ना दूध, ना जिलेटिन, ना किडा. १९४९ पासून ह्याच न्यू जर्सीत होते. "स्थानिक आहे," मी म्हणाले. मला उगीचच अभिमान वाटला. जसं काही मीच एमआयडीसीत प्लॉट मिळवून दिला होता.

त्याच आठवड्यात मराठी मंडळींचं एक गेट-टुगेदर झालं. नातीने रसमलाईला "नको, थँक यू" म्हटलं, आणि एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एका तुकड्याने काय होतंय हो? एवढ्याशा पोरीला कसली ही बंधनं!" मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. ह्या बाई संकष्टी करतात. माझ्या माहेरी सोमवार आजोबांचा, गुरुवार आईचा, शनिवार काकांचा, चातुर्मासात आजीचा कांदा-लसूण बंद, आणि आत्याला तर महिन्यातले निम्मे दिवस काही ना काही वर्ज्य. कुणाच्या उपासाला कोथिंबीर चालायची, कुणाच्या नाही. जिरं चालायचं, मोहरी नाही. भगर, रताळं, राजगिरा, सगळ्यांचे डबे वेगळे, आणि चूल एक. त्या घरात "एका तुकड्याने काय होतंय" असं कुणी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. देवासाठी सोडलेलं आपल्याला कळतं. कोंबडीसाठी सोडलं की पोरीला हट्टी म्हणतो.

हे सगळं मी त्या बाईंना सुनावलं नाही. कारण मागच्या वर्षी फोनवर लेकीला मी अगदी हेच वाक्य म्हटलं होतं. तुकडा श्रीखंडाच्या वडीचा होता, एवढाच फरक.

मग मी शेगडी मांडली. म्हणजे काचेच्या शेगडीचं बटण सगळ्यात खालच्या आकड्यावर आणलं. घरात हीटर सुरू झालेला, हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. तिसऱ्या दिवशी काटा आला. असा काटा मला पुण्यातही कधी आला नव्हता. मी दादरला जावेला फोटो पाठवला, "सहज" असं लिहून.

२०२४ साली आमच्याकडे नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच दिवशी आलं, आणि तोही गुरुवारच. पहाटे अभ्यंगस्नान झालं. कारीट मिळालं नाही, म्हणून नातीने नरकासुर समजून चेरी टोमॅटो अंगठ्याखाली फोडला. संध्याकाळी लक्ष्मीपुढे साळीच्या लाह्या, बत्तासे, धने आणि गूळ. "म्हणजे लक्ष्मी व्हीगन आहे!" नात म्हणाली. बत्ताशांच्या पाकाची चौकशी मी केली नाही.

दारात दोन भोपळे ठेवले होते: एक नारिंगी, तोंड कोरलेला, दुसरा नातीने मोरपिशी रंगवलेला. मोरपिशी भोपळा म्हणजे ह्या घरी खायच्या वस्तूंखेरीजही काही मिळतं. मुळात ही खूण ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी. २०१४ पासून अमेरिकाभर पसरली. आमच्या टोपलीत पेन्सिली, स्टिकर आणि अंधारात चमकणाऱ्या बांगड्या होत्या. डायनोसॉर झालेला एक छोटा मुलगा दाराशी आला, भोपळा बघून वळला आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या आईला ओरडून म्हणाला, "इथे मला चालेल!" त्याने तीन बांगड्या नेल्या.

नात तिची पिशवी भरून साडेआठला परत आली, तोवर माझा वेष तयार होता. मी बोहारीण झाले होते. डोक्यावरून पदर, काखेत गाठोडं, गाठोड्यात पुण्याहून आणलेली पितळी भातुकली. तिने चालत नसलेली चॉकलेटं माझ्यापुढे ओतायची आणि मी भांडी द्यायची.

"पाच चॉकलेटांना एक वाटी," मी म्हणाले.

"दोन," ती म्हणाली.

"बाई, ही काय जुनी विटकी चॉकलेटं! हे बघ, कागद फाटलाय."

"मग मी नाही देत," असं म्हणून तिने खरोखर पिशवी आवळली. घासाघीस माझ्या माहेरची आहे, हे तिच्या बापाला त्या रात्री कळलं. तासाभरात माझ्याकडे अडीच किलो चॉकलेट आणि तिच्याकडे अख्खा संसार: चूल, बंब, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं.

मग मी हुकमाचं पान काढलं. वाटीत हलवा.

तिने एक दाणा चिमटीत धरून दिव्यासमोर नेला. "आजी! हा तर कोरोना आहे!" तिला इतकं आवडलेलं मी काहीच पाहिलं नव्हतं. दाणा तोंडापाशी नेला आणि सवयीने थांबली. "ह्यात काय आहे?"

"तीळ आणि साखर."

"फक्त?"

आणि मला तो चमचा आठवला. पाकाची मळी काढायला आत्या चमचाभर दूध घालायची. गव्हाळ साखर बघून मी धास्तावले होते, हात आपोआप माझ्या चहाच्या दुधाकडे गेला होता. दूध फाटतं, मळी धरून वर येतं, झाऱ्याने काढून टाकतात. खाली उरतो तो निव्वळ पाक. हे कुठल्याही कोर्टात टिकलं असतं. शिवाय चार दिवस, भाजलेली बोटं आणि आयुष्यातला सर्वोत्तम काटा. ती माझ्याकडे बघत होती. विश्वासाने बघत असती तर कदाचित मी खपवलं असतं. ती फक्त उत्तराची वाट बघत होती.

"चमचाभर दूध," मी म्हणाले.

तिने दाणा वाटीत ठेवला आणि वाटी माझ्या गाठोड्यात सरकवली. "मग हे पण एक्स्चेंज."

"ह्याच्या बदल्यात काय देऊ?"

"नवीन कर. मी बसते तुझ्याबरोबर."

शाळेतून आली की ती रोज अर्धा तास बसायची. तिसऱ्या दिवशी बोट पोळलं, ते तिने वर्गात सगळ्यांना दाखवलं. मळी लिंबाने थोडी निघाली, बरीच राहिली. हलवा खाकी झाला, काटे आखूड आले. तिने एकेक दाणा मोजून मैत्रिणींना वाटला. पांढरा हलवा मी आणि जावयांनी फ्रीजच्या दाराआड संपवला.

जानेवारीत मी पुण्याला परतले. त्या संक्रांतीला हलवा बिनदुधाचाच केला. हळदीकुंकवाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही बोलावलं. पाच वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हापासून मी त्यांच्याकडे वाण पोचतं करत होते. आदल्या दिवशी, दारातूनच, आणि ह्यात मी फार पुढारलेली आहे असं मला वाटायचं. त्या आल्या. निळी साडी नेसून, सगळ्यांच्या मधोमध बसल्या. मी हातावर हलवा ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट निरखला.

"रंग असा का हो आला?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पाकात चमचाभर दूध घालायचं असतं."