परीक्षकांनी दुपारी यावं

सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला आणि भेट मिळाली राज्यातल्या ३९४ नगरपरिषदा-नगरपंचायतींना. बागेसाठी प्रत्येकी एक कोटी. नावही वरूनच ठरून आलं, ‘नमो उद्यान’. आपल्याकडे आधी मूल होतं, मग बारसं. इथं बारसं उरकून मग जागा बघायची.

शिवाय स्पर्धा. प्रत्येक महसूल विभागात पहिल्या बागेला पाच कोटी, दुसरीला तीन, तिसरीला एक. कोटीच्या बागेवर पाच कोटी, हा परतावा रांजणगाव-कुरकुंभच्या कारखानदारांनाही जमलेला नाही. पुणे विभागात पाच जिल्हे, म्हणजे शिरूर-दौंडची गाठ थेट महाबळेश्वर आणि पन्हाळ्याशी. तिकडचा पाऊस हजारो मिलिमीटर, आपला काही शे, तोही त्याच्या मर्जीनं. पण घाबरायचं कारण नाही. बागेत झाडं लागतात असं कुणी सांगितलं? कमान लागते, कारंजं लागतं (उद्घाटनाला उडालं तरी पुरे), हिरव्या-पिवळ्या रंगाची ओपन जिम लागते, आणि बाकावर बसणाऱ्याच्या पाठीला टोचेल इतक्या ठळक अक्षरांत ‘यांच्या प्रयत्नांतून’ लागतं.

आता तालुक्याच्या गावाचा मुख्य व्यवसाय काय? वाट बघणं. न्हावऱ्याहून, मलठणहून, कान्हूर मेसाईहून माणूस सकाळी शिरूरला येतो. तहसीलमध्ये सर्व्हर डाऊन. भूमी अभिलेखमध्ये साहेब मीटिंगला पुण्याला. बँकेत ‘जेवण झाल्यावर या’. सोबत म्हातारी आई, कडेवर पोर. चहाच्या टपरीवर किती वेळ काढणार? दोन चहांनंतर टपरीवालाही फडका मारायला लागतो. दुकानाच्या पायरीवर टेकावं, तर मालकानं आडवा पाइप ठोकलेला. एस.टी. स्टँडवर जावं, तर तिथली बाकडी आधीच भरलेली.

दौंडकरांचं त्यातल्या त्यात बरं आहे, त्यांची बाग रेल्वेनं करून ठेवली आहे. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा. छप्पर, बाकडं, पंखा, पाणी, दोन तास हक्कानं. पूर्वी मनमाडकडून पुण्याला निघालेल्या गाड्याही इथं निवांत टेकायच्या, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावेपर्यंत. आता कॉर्ड लाइन झाली, काही गाड्या बाहेरच्या बाहेर सटकतात. गाड्यांचीसुद्धा बसायची सोय काढून घेतली, तिथं माणसांचं काय!

न्यूयॉर्कच्या ऐन बाजारात १९६७ साली पेली पार्क नावाची बाग झाली. क्षेत्र ४,२०० चौरस फूट, म्हणजे आपले चार गुंठेही पुरते नाहीत. आपल्याकडे एवढ्यात एखाद्या माजी पदाधिकाऱ्याची पार्किंगसुद्धा मावत नाही. डोक्यावर झाडांची सावली, समोर पाण्याची भिंत, आणि खुर्च्या सुट्ट्या, उचलून हव्या तिथं न्याव्यात अशा. सुट्ट्या खुर्च्या! आमच्याकडे बाकाचं सिमेंट जमिनीत दीड फूट गाडतात, तरी सकाळी जाऊन बघावं लागतं.

सावलीचा प्रश्नही तसा किचकट. कडुलिंब लावला तर पाला पडतो, फलक झाकला जातो. चिंच लावली तर पोरं दगड मारतात. म्हणून अंदाजपत्रकात शोभेचे पाम धरतात. पामच्या सावलीत एका वेळी एक माणूस उभा राहू शकतो, तोही अंग चोरून. त्याखाली लॉन, लॉनवर पाटी, ‘हिरवळीवर बसू नये’.

या सगळ्यावर कडी म्हणजे वेळ. आपल्या बागा सकाळी सहाला उघडतात, नऊला मिटतात. परत संध्याकाळी पाच ते आठ. म्हणजे ज्यांना घर आहे, गच्ची आहे, चालायचे बूट आहेत, त्यांच्यासाठी बाग उघडी. आणि ज्याचा सातबारा अडकलाय, एस.टी. चारला आहे, त्याच्यासाठी कुलूप. चावी माळ्याकडे, माळी ठेकेदाराकडे, ठेकेदाराचं बिल थकलेलं.

म्हणून स्पर्धेच्या परीक्षकांना एकच विनंती: संध्याकाळी दिवे-कारंजी बघायला येऊ नका. एप्रिलात या, दुपारी दोन वाजता, लाल डब्यानं, येताना एखादा फेरफारही काढायला घ्या. फाटक बंद असलं तर बाहेरूनच गुण द्या. लॉन मात्र झकास राखलेलं दिसेल. पहिलं बक्षीस कुलपाला द्यायला आमची हरकत नाही.